न मोडलेले पाय

रविवारी सकाळी कुंदाताईच्या मोबाइलवरून फोन आला, तेव्हा मी तिच्यावर आधीच चिडलेली होते. मासे आणायला गेली की ती हमखास बाजारातून फोन करायची, सुरमई घेऊ की हलवा म्हणून विचारायची, आणि मी काहीही सांगितलं तरी शेवटी स्वतःला हवं तेच आणायची. म्हणून 'हॅलो' वगैरे न म्हणता मी सरळ "घे बाई तुला हवं ते" असं म्हणून मोकळी झाले. पलीकडून मात्र भलताच आवाज आला. "नीलू तुम्हीच काय? तुमची बाई हितं खाली बसली, ती उठत नाय. लवकर या." मच्छीमार नगरहून लालबागच्या बाजारात येणारी आमची नेहमीची कोळीण होती ती. कुंदाताई मलाच फोन लावायच्या बेतात होती, माझं नाव समोर उघडंच होतं, तेवढंच त्या बाईने दाबलं... मी आणि विजय, म्हणजे माझा नवरा आणि कुंदाताईचा धाकटा भाऊ, होतो तसे धावलो. पोचलो तेव्हा शेजारच्या गल्लीतले डॉक्टर येऊन उभे होते आणि त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळलं. कोळणीने कुंदाताईचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

ती कोळीण विजयला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, की बाई पडली नाही. पिशवी आधी माझ्या हातात दिली, मग भिंतीला हात लावला, गुडघे वाकवून सावकाश खाली बसली, 'जरा बसते गो' म्हणाली, आणि मग मान कलली. हे ऐकताना मला हसू आलं. खरंच आलं. उभा जन्म पोरांना जमिनीवर नीट कसं उतरायचं ते शिकवण्यात घालवलेली बाई, हृदय बंद पडत असतानासुद्धा धडे दिल्यासारखी उतरली होती. ते हसू मला आवरेना, लोक बघायला लागले, तेव्हा विजयने मला धरून बाजूला नेलं आणि तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर बसवलं. आज काही आठवडे उलटले. अजूनही संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला मी चहा जास्तीचा टाकते. रडू असं म्हणावं तितकं आलेलं नाही. मी नुसती थिजल्यासारखी आहे, आणि हे लिहायला घेतलं ते त्यामुळेच.

कुंदाताई, म्हणजे कुंदा परब, लालबागमधल्या एका मराठी शाळेत पी.टी.ची बाई होती. शाळेचं नाव लिहीत नाही. तिला आवडलं नसतं, आणि पुढे जे सांगणार आहे ते वाचून शाळेलाही आवडणार नाही. माझं माहेर गिरगावातलं, चार पिढ्या कचेऱ्यांतून लेखण्या झिजवणारं घर. लालबाग आम्हाला गणपतीपुरतंच ठाऊक. मला बघायला परबांकडची मंडळी आली, तेव्हा मी खाली मान घालून पोह्यांचा ट्रे आणला आणि वर बघते तो एक उंच, सावळी, दणकट मुलगी माझ्या पायांकडे टक लावून बघत होती. बाकीचे स्वयंपाक, नोकरी वगैरे विचारत होते. ही म्हणाली, "डावा घोटा कधी मुरगळला होता का गो?" माझ्या आईचा चेहरा पडला. मुलीत खोट काढली असंच तिला वाटलं. खरं तर सातवीत असताना शाळेत लंगडी खेळताना घोटा टरकन वळला होता, आमच्या सरांनी 'चोळ आणि खेळ' असा सल्ला दिला होता, मी चोळला आणि खेळले, आणि तेव्हापासून पायरी उतरताना तो पाय दगा द्यायचा. हे घरीसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कुंदाताईने तिथल्या तिथे मला खिडकीचा गज धरून एका पायावर उभं राहायला लावलं आणि रोज असं कर म्हणून सांगितलं. विजयने त्या दिवशी मला काय विचारलं ते मला आठवत नाही, पण तो व्यायाम आठवतो. मंडळी गेल्यावर आई म्हणाली, मुलगा चांगला आहे, नणंदेपासून तेवढी जपून राहा.

मी लग्न होऊन आले ती 'अहो वन्सं' करत. तिने दुसऱ्याच दिवशी बजावलं की शाळेत दिवसभर 'बाई, बाई' ऐकून कान किटतात, घरी तरी मला 'तू' म्हण. मग आमचं जमलं ते भांडण्याइतकं जमलं. ती आमच्याबरोबरच राहायची, आधी चाळीत आणि चाळ पाडून टॉवर झाल्यावर टॉवरमध्ये. लग्न का केलं नाही हे तिला विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, तुझ्यासारखी एक बडबडी घरात आणून विजयने माझी हौस भागवली.

तिची शाळा म्हणजे दोन इमारतींच्या बेचक्यातलं एक अंगण, त्यात पेव्हर ब्लॉक बसवलेले, कडेला पाण्याच्या टाकीचं झाकण, आणि तेवढ्यात पाचवी ते दहावीची पोरं खेळणार. बाकीचे पी.टी.चे शिक्षक येतात आणि शिट्टी वाजवतात. ही पोरं यायच्या आधी चपला काढून त्या अंगणात अनवाणी फिरायची. डोळ्यांना दिसत नाही ते तळव्यांना कळतं, असं तिचं म्हणणं. एखादा ब्लॉक जरा हलला, कुठे टाकीचं पाणी पाझरून शेवाळ धरलं, की तेवढा भाग ती खडूने आखून बंद करायची, आणि त्या दिवशी खो-खो नाही तर नाही. एकदा मी तिला डबा द्यायला गेले होते तेव्हा हे पाहिलं. सकाळच्या उन्हात एक प्रौढ बाई, साडी वर खोचून, खाली बघत एकेक पाऊल टाकत चाललेली आणि गॅलरीतून कुणी पालक तिला हसत असलेले. मलाही हसू आलं होतं. बाईंचं काही हरवलंय का, असं एका आईने मला विचारलं, आणि मी म्हटलं, नाही हो, काही सापडू नये म्हणून फिरतेय ती.

जूनमध्ये ती फाटकावर उभी राहायची ती बूट दाबायला. आपल्याकडे पोरांना सगळं वाढत्या अंगाचं घेतात. फ्रॉक वाढत्या अंगाचा घेतला तर फार तर लोंबतो, पण बूट वाढत्या अंगाचा घेतला की पोरगं त्यातच पाय मुडपून पडतं. पुढे कापूस कोंबून दोन मापं मोठे बूट घालून आलेली पोरं तिला अंगठ्याने चवडा दाबताच कळायची. मग आयांशी वादावादी. एका आईने तिला ऐकवलं, बाई, बूट तुम्ही घेऊन देता का? त्यावर कुंदाताईने वर्गावर्गातून लहान झालेल्या बुटांची अदलाबदल सुरू केली. मोठ्याचा धाकट्याला, धाकट्याचा त्याच्या धाकट्याला. पहिल्या वर्षी कुणी पुढे येईना, इज्जतीचा प्रश्न. तेव्हा तिने आमच्या सईचे, म्हणजे माझ्या मुलीचे बूट मला न विचारता नेऊन ठेवले आणि सईला दुसऱ्या कुणाचे तरी घालून शाळेत पाठवली. मी गिरगावातली, दुसऱ्याचे बूट या कल्पनेनेच माझा जीव गेला. तो दिवसभर आमचं बोलणं बंद होतं. पुढच्या जूनला मात्र फाटकावर बुटांची जत्रा भरली.

खरं काम तिने हळूहळू उभं केलं, आणि त्याला नाव वगैरे काही दिलं नाही. खेळाच्या तासाला आल्याबरोबर पोरांनी धावायचं नाही, आधी अंग गरम करायचं. मग एका पायावर तोल, मग उडी, आणि उडी मारून खाली येताना आवाज करायचा नाही. 'गुडघे आत नकोत, आवाज नको,' हे तिचं पालुपद. लालबागमधल्या कित्येक घरांत पोरं एका पायावर उभी राहून दात घासायची, कारण बाईंनी तो गृहपाठ दिलेला. सई तर उजवीकडचे दात उजव्या पायावर आणि डावीकडचे डाव्या पायावर घासायची, आणि आमच्या मोरीत तिला मध्येच कुणी हाक मारली की रडायची. डिसेंबरातल्या क्रीडा स्पर्धेची तयारी इतर शाळा आठवडाभर आधी करतात. वर्षभर बाकावर आणि मोबाइलवर बसलेलं पोर उठवून एकदम शंभर मीटर पळवतात. ही जुलैपासून पळवायची, पण थोडं थोडं. मागाहून आसपासच्या शाळांतले शिक्षक तिच्याकडे शिकायला येऊ लागले. घोडपदेवच्या शाळेत ती स्वतः जायची, शिवडीला गोदामांच्या मागे एक शाळा आहे तिथेही जायची, आणि दमून आली की मी तेलाची वाटी घेऊन तिच्या पायाशी बसायची. दुसऱ्यांच्या पोरांचे गुडघे सांभाळता सांभाळता हिचे मात्र दुखायला लागले होते.

तिला एका वाक्याचा मनस्वी राग होता. 'खेळात लागतंच.' हे वाक्य आमच्या भागात पालक म्हणतात, शिक्षक म्हणतात, आणि ज्याला लागलंय ते पोरही मान वर करून म्हणतं. ती म्हणायची, लागतं तेव्हा लागतं, पण ते 'च' कुणी लावलं त्याला माझ्यासमोर आणा. मुका मार लागून रडणाऱ्या पोराला 'मर्द आहेस ना' म्हणणाऱ्या एका बापाला तिने तिथेच स्वतःच्या शिट्टीने गप्प केलं होतं. आणि तरी तिची पोरं खेळायची म्हणजे भरपूर खेळायची. घाबरट पोरं तिला खपायची नाहीत. चांगलं उतरता आलं की चढायची भीती वाटत नाही, एवढंच ती सांगायची.

आता मनोऱ्याचं सांगते. लालबाग-परळात गल्लीगल्लीत गोविंदा पथकं. त्यामुळे या शाळेच्या स्नेहसंमेलनात मनोरा होणार हे जणू ठरलेलंच होतं. खाली नववी-दहावीची मुलं, वर त्यांच्यापेक्षा लहान, आणि टोकाला पाचवीतलं एखादं चिमुरडं झेंडा घेऊन. ढोल वाजायचे, शिट्ट्या पडायच्या, ज्यांची मुलं त्या शाळेत नाहीत तेही बघायला यायचे. माजी विद्यार्थी येऊन शिकवायचे. वर्षानुवर्षं चाललं होतं आणि खरचटण्यापलीकडे कधी काही झालं नव्हतं. कुंदाताई नोकरीला लागली तेव्हा तीही टाळ्या वाजवायची. मग एका वर्षी संमेलनाहून घरी आली ती जेवलीच नाही. सगळ्यांच्या माना वर होत्या, म्हणाली, मी एकटी खालच्या पोरांचे गुडघे बघत होते. त्यातला एक जण थरथरत होता आणि चेहऱ्यावर हसू ठेवून उभा होता, कारण त्याने 'नको' म्हटलं असतं तर वरची सगळी कोसळली असती.

तिने व्यवस्थापन समितीपुढे विषय नेला. ती बैठक तिने घरी आम्हाला नक्कल करून दाखवली होती, म्हणून मला तोंडपाठ आहे. समितीत सगळे निवृत्त पुरुष, इस्त्रीचे पांढरे शर्ट, आणि प्रत्येक जण तरुणपणी गोविंदात खालच्या थराला उभा राहिलेला. आजवर काय झालंय, असं अध्यक्षांनी विचारलं. काही नाही, असं हिने सांगितलं. मग बंद कशाला, तर हिने उत्तर न देता कोठीतून खिचडीच्या तांदळाच्या गोणी मागवल्या आणि म्हणाली, चर्चा होईपर्यंत प्रत्येकाने एक गोणी खांद्यावर घेऊन उभं राहावं, तळाच्या पोरावर असतो त्यापेक्षा भार कमीच आहे. दुसऱ्या कुठल्या भागातले लोक असते तर त्यांनी हिला हाकलून दिलं असतं. पण लालबागचा माणूस, खांद्यावर घे म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? सगळे हसत हसत उभे राहिले. ही मुद्दाम सावकाश बोलत राहिली. थोड्या वेळाने हसणं थांबलं, मग बोलणं थांबलं, आणि खजिनदारांना दोघांनी बखोटीला धरून खुर्चीत बसवायची वेळ आली. मनोरा बंद करायचा ठराव एकमताने झाला. तांदूळ परत कोठीत गेला आणि खजिनदार पुढे बरेच दिवस कमरेला पट्टा बांधून फिरत होते.

भाग तिच्यावर रुसला. पोर पडलं असतं आणि मग बंद केलं असतं तर लोकांना पटलं असतं, पण काहीच न होता बंद म्हणजे काय? आमच्याच गल्लीतला महेश एके संध्याकाळी घरी आला. तिचाच विद्यार्थी, कधीकाळी मनोऱ्याच्या तळाला उभा राहणारा, आता मंडपाचा धंदा करतो आणि आमच्या गल्लीचं गोविंदा पथक चालवतो. चहाला हात न लावता त्याने विचारलं, बाई, एकदा सांगा, कोण पडलं? कुंदाताई मेथी निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "कोण पडला नाय म्हणानच थांबवूचा, महेश. पडल्यार काय, सगळेच थांबवतत." तो उठून गेला. बराच काळ रस्त्यात दिसला की मान फिरवायचा. पण त्याच्या पथकातलं एखादं पोर लंगडायला लागलं की त्याला आमच्या दारात आणून उभं करायचा आणि स्वतः जिन्यात थांबायचा. हळूहळू तोही आत येऊ लागला. शाळेत मनोरा झाला नाही तो झालाच नाही, आणि महेशने तो विषय पुन्हा काढला नाही.

ती गेल्यावर गल्लीच्या तोंडाशी सगळ्यात मोठा फ्लेक्स त्यानेच लावला. घरी माणसं येत होती, जात होती. कुणी डॉक्टर गेला की लोक येऊन सांगतात, यांनी माझा पाय वाचवला. कुंदाताईसाठी आलेल्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं. बाई चांगल्या होत्या, शिस्तीच्या होत्या, आणि मग चहा. मला आधी राग आला, मग कळलं की त्यांचा दोष नाही. ज्याचा पाय मोडलाच नाही, तो कशाला येईल सांगायला? त्याला ठाऊकच नाही की तो मोडायचा होता. एवढी वर्षं केलेल्या कामाची एकही खूण मागे राहू नये, हा तिच्या कामाचाच गुण होता, आणि त्या दिवसांत तो मला असह्य झाला. शेजारणीला मी उगाचच काहीतरी लागट बोलले.

शाळेने शोकसभा ठेवली, शनिवारी दुपारी, त्याच अंगणात. मी आणि विजय पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी मुख्याध्यापिका. त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांचंही तेच झालं. "परब बाईंच्या कारकिर्दीत शाळेने..." असं म्हणून त्या थांबल्या. ढाली, करंडक असं सांगण्यासारखं फारसं नव्हतं. मग महेशने माइक घेतला. डोळे लाल, आवाज बसलेला. म्हणाला, बाईंना आता आपण आपल्या लालबागच्या पद्धतीने मानवंदना देणार आहोत. आणि शाळेच्या जिन्यावरून गणवेशातली मुलं धावत आली आणि अंगणाच्या मधोमध एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून गोल उभी राहिली. पाचवीतली एक मुलगी मागे उभी होती आणि तिच्या छातीशी ओढणीने घट्ट बांधलेला, हार घातलेला कुंदाताईचा फोटो होता.

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. मग लक्षात आलं. जिने मनोरा बंद केला, तिच्याच शोकसभेला मनोरा... आणि मागे बसलेली माणसं कौतुकाने पुढे सरकत होती. विजयकडे बघितलं तर तो फोटोकडे एकटक बघत बसलेला. मुख्याध्यापिका पुटपुटल्या, मला फक्त मानवंदना आहे एवढंच सांगितलं होतं हो. मी उठून महेशपाशी गेले आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं.

"तीनच थर आहेत काकी. खाली गाद्या टाकल्यात. मी स्वतः उभा राहून सराव घेतलाय."

"अरे, तिनेच बंद केलं होतं ना हे?"

"बाई होत्या तोवर मी त्यांचा शब्द नाय मोडला," तो म्हणाला, आणि माझ्यासमोर तो चाळिशीचा माणूस ढसाढसा रडायला लागला. "आता त्यांच्यासाठीच करतोय. दुसरं आम्हाला येतंय काय, काकी? सांगा ना."

ज्या माणसाला प्रेम दाखवायची एकच रीत माहीत आहे, त्याला ती नको कशी म्हणणार? मला सांगायचं होतं की तिने तुला दुसरंही बरंच शिकवलं होतं, पण एव्हाना ढोल वाजायला लागला होता. मी परत येऊन खुर्चीत बसले.

दुसरा थर चढला. टाळ्या पडल्या. मग ती मुलगी चढू लागली, कुणाच्या गुडघ्यावर पाय, कुणाच्या कमरेवर, कुणाच्या खांद्यावर, आणि तिच्या छातीवर बांधलेली कुंदाताई तिच्याबरोबर वर वर चालली होती. हारातली फुलं खालच्या मुलांच्या डोक्यांवर गळत होती. सगळ्यांच्या माना वर होत्या. मी तिच्यासारखी खाली बघायला लागले, पोरांच्या गुडघ्यांकडे, आणि मला त्यातलं काही कळत नाही याचं मला रडू येऊ लागलं. त्या क्षणी कुंदाताई खरोखर मेली आहे हे मला पहिल्यांदा कळलं, कारण ती असती तर एव्हाना या अंगणात शिट्टी वाजली असती.

शिट्टी वाजली नाही. तळाच्या थरातून कुणीतरी बोललं, "खाली." ओरडून नाही, पाणी मागावं इतक्या साध्या आवाजात.

आणि सगळी खाली आली. आधी वरची मुलगी, मग तिच्या खालची, ज्या क्रमाने चढली होती त्याच्या बरोबर उलट. कुणी घाई केली नाही, कुणी कुणाला ढकललं नाही. जो तो गुडघे वाकवून गादीवर उतरला, आणि एवढी मुलं उतरली पण धप्प असा एकही आवाज आला नाही. उतरून सगळी जागच्या जागी मांडी घालून बसली. तळाची मुलंही बसली. ढोलवाला थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला आणि मग त्याच्याही लक्षात आलं.

महेश धावत गेला. काय झालं, कोण बोललं, कुणाला लागलं, असं एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारू लागला. एकाही पोराने तोंड उघडलं नाही, एकाने दुसऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मुख्याध्यापिकांनी माझा हात धरला होता. त्या हळूच म्हणाल्या, बाईंचा नियम आहे तो, मनोरा बंद झाल्यानंतरचा. कुठल्याही खेळात कुणीही 'खाली' म्हटलं की सगळ्यांनी खाली यायचं, आणि कोण बोललं, का बोललं, ते कधीही विचारायचं नाही. विचारलं की पुढच्या वेळी पोर बोलत नाही. दर जूनला पहिल्या तासाला बाई एवढंच शिकवायच्या. एवढी वर्षं मी तिच्याबरोबर एका घरात राहिले, तिचे पाय चेपले, तिच्याशी भांडले, आणि हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

महेशने पुन्हा एकदा विचारलं. मग त्याने त्या बसलेल्या मुलांकडे बघितलं आणि तोही तिथेच, गादीच्या कडेला, जमिनीवर बसला. पाचवीतल्या मुलीने ओढणी सोडून फोटो मांडीवर घेतला होता आणि काचेवर पडलेल्या पाकळ्या ती एकेक करून वेचत होती. विजय तेव्हा रडला.

घरी येताना तो विचारत होता, कोण बोललं असेल गं? महेश अजूनही भेटला की विचारतो, काकी, तुम्ही पुढेच बसला होतात. पुढेच बसले होते, आणि मी त्या वेळी वर नव्हे, खाली बघत होते, त्यामुळे ओठ हलले ते मला दिसले. का बोललं ते माहीत नाही. दुखलं असेल, भीती वाटली असेल, किंवा बाईंना हे आवडलं नसतं असं त्या पोराला वाटलं असेल. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या लालबागला माहीत आहे, आणि कुंदाताईने तर त्यावरून मला आयुष्यभर चिडवलं. त्या पोराचं नाव मी विजयलाही सांगितलेलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही.